दोन लहान मुलं आणि घरचा दिवस : प्रकल्प नोंदी, जून-जुलै २०२५

सोमवार, २ जून

प्रकल्प घरचा असला तरी नोंदी कामावरच्या पद्धतीनेच ठेवते आहे. पुण्याजवळ भोसरीत प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून भाग बनवतात तिथे, प्रॉडक्शन प्लॅनिंग बघत होते, तेव्हा आधी मोजल्याशिवाय आम्ही काही बदलत नव्हतो. ती सवय चांगली होती.

परिस्थिती अशी : पुण्यात कर्वेनगर, दुसरा मजला, माणसं चार. थोरली साडेचार वर्षांची, धाकटा पंधरा महिन्यांचा. नवरा भोसरीत नोकरीला. सकाळी साडेसहाला बाहेर पडतो, यायला सात वाजतात. सासू-सासरे साताऱ्याला. भांडी-फरशीला मावशी येतात. मी धाकट्याच्या वेळेपासून घरी आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, पण आमचं शॉप त्या आकड्याच्या खालचं. घरी राहायचा निर्णय माझा आहे आणि मला तो पटलेला आहे.

हवं आहे ते दोन गोष्टींपुरतं. १६ तारखेला शाळा सुरू होते, त्याआधी सकाळ मार्गी लागावी. आणि दिवसात कधीतरी एक सलग तास असा मिळावा, ज्यात मला कुणी हाक मारणार नाही.

मुलांबरोबरचा वेळ कमी करणं हा उद्देश नाही. हे वाक्य मुद्दाम पहिल्याच पानावर.

मोजायची पद्धत सरकारी सर्वेक्षणातून घेतली. २०१९ साली देशात वेळेच्या वापराची पाहणी झाली, तेव्हा दिवस पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४ असा धरला होता. अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने. एका रकान्यात दहा मिनिटं किंवा जास्त चाललेली कामं लिहायची, जास्तीत जास्त तीन. दिवस पहाटे चारला सुरू करायची कल्पना मला फार योग्य वाटली. रात्री अडीचला धाकटा उठतो, ते अर्धा तास मांडीवर घेऊन बसणं कुठल्याच कॅलेंडरात नसतं. इथे त्यालाही रकाना आहे.

तक्ता फ्रिजवर लावला, पेन्सिल दोऱ्याला बांधून.

गुरुवार, ५ जून

तक्ते भरले. जे दिसलं ते लिहिते.

सकाळी साडेआठ ते नऊचा रकाना : कुकर, धाकट्याची आंघोळ, थोरलीची वेणी. तिन्ही कामं खरी, तिन्ही दहा मिनिटांच्या वरची. याच अर्ध्या तासात ओला-सुका कचरा न्यायला ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई येतात. ते काम दहा मिनिटांचं नाही म्हणून रकान्यात जात नाही, पण त्यासाठी ओल्या अंगाचं मूल कडेवर घेऊन दारापर्यंत जावं लागतं.

त्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा घरकामातला सरासरी वेळ दिवसाला २९९ मिनिटं निघाला होता, पुरुषांचा ९७. त्यातही घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६ च्या आसपास. मुलांची, आजाऱ्यांची काळजी घेणं वेगळं धरलं होतं : बायका १३४ मिनिटं, पुरुष ७६. हे आकडे वाचले होते. आता घरचा तक्ता बाजूला ठेवून पाहिल्यावर वाटतं, बेरजेइतकाच महत्त्वाचा प्रश्न तुकड्यांचा आहे. माझ्या दिवसात रिकामा वेळ मुळीच नाही असं नाही. तो आठ मिनिटं, बारा मिनिटं, पाच मिनिटं असा विखुरलेला आहे, आणि पाच मिनिटांच्या तुकड्यात माणूस फक्त मोबाइल हातात घेऊ शकतो. वेळ वाया घालवते म्हणून बायका स्वतःला दोष देत बसतात, तो वेळ बहुतेक असाच मिळालेला असतो. हे मला मनापासून सांगावंसं वाटतं.

दुसरं दिसलं ते शोधणं. मोजे, पंचा, थर्मामीटर, दुसऱ्या चपलेचा जोड. तक्त्यात ‘शोधणे’ असं काम कुठे नाही, तरी जवळपास प्रत्येक रकान्याच्या पोटात ते आहे.

शनिवार, ७ जून

आज मुख्य काम. प्रेस शॉपमध्ये एक जॉब संपून दुसरा लावायचा म्हणजे डाय (साचा) बदलायचा, आणि तेवढा वेळ प्रेस बंद. जपानचे शिगेओ शिंगो यांनी यावर आयुष्य घातलं. टोयोटात १९६९ साली हजार टनी प्रेसचं सेटिंग चार तास चालायचं. ते त्यांनी आधी दीड तासावर आणलं, मग तीन मिनिटांवर. युक्ती म्हणावी तर साधी आहे : जे काम प्रेस थांबलेली असतानाच करता येतं ते ‘आतलं’, आणि प्रेस चालू असताना उरकता येतं ते ‘बाहेरचं’. डाय रॅकवरून आणून शेजारी ठेवणं, बोल्ट मोजून घेणं, पाना हाताशी ठेवणं हे सगळं बाहेरचं. पण बहुतेक ठिकाणी प्रेस थांबवल्यावर माणूस पाना शोधायला जातो.

घरातही तेच होतं. आंघोळीसाठी मूल उघडं केलं की पंचा शोधायचा.

म्हणून सकाळची कामं दोन याद्यांत वाटली. मूल समोर असतानाच होणारी : भरवणं, आंघोळ, कपडे चढवणं, वेणी, शू-शी. बाकी सगळी बाहेरची, म्हणजे रात्री नऊनंतर किंवा पहाटे सहाच्या आत. कणीक भिजवून डब्यात, भाजी चिरून, तूरडाळ-तांदूळ कुकरच्या भांड्यांत मोजून (पाणी सकाळी), डब्याची झाकणं डब्यांना लावूनच, दप्तर दाराशी.

आंघोळीची मांडणी सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त फरक तिथे पडला. धाकट्याचे कपडे घडी करून ठेवताना उलट क्रमाने रचायचे : सगळ्यांत खाली स्वेटर नाहीतर जाड शर्ट, त्यावर चड्डी, त्यावर बंडी, सगळ्यांत वर डायपर, आणि डायपरच्या चिकटपट्ट्या उघडून पसरलेल्या. तेलाची वाटी डाव्या हाताला, कारण उजव्या हाताने मूल धरलेलं असतं. पंचा खुंटीवर टांगायचा नाही, खांद्यावर घ्यायचा. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. गीझर बंद करूनच मुलाला आत न्यायचं. एवढं केल्यावर आंघोळीत घाई राहत नाही. मग तो मगाने पाणी ओतत बसला तरी माझा जीव वर-खाली होत नाही. तेच हवं होतं.

सोमवार, ९ जून

छोटी नोंद, पण महत्त्वाची. शिंगोंची पद्धत कुठे लावायची नाही याची यादी.

जेवण. धाकटा मऊ भात स्वतःच्या बोटांनी खायला शिकतो आहे. सांडतो, कपाळाला लावतो, पुन्हा उचलतो. पाऊण तास लागतो. मी भरवलं तर दहा मिनिटं. पाऊण तास द्यायचा.

झोप. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीत एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसभरात, दुपारच्या झोपेसकट, ११ ते १४ तास झोप सांगितली आहे. तीन-चार वर्षांच्या मुलांना १० ते १३. स्क्रीन एक वर्षाच्या मुलाला नाहीच, दोन ते चार वयाला दिवसाला एक तासाच्या आत आणि जितका कमी तितका बरा. एका जागी बांधून ठेवणं, म्हणजे बाबागाडी, उंच खुर्ची, सलग तासाच्या वर नको. माझी सोय म्हणून मोबाइल देणं हा मार्ग त्यामुळे योजनेतून बाहेर. हे ठरवून टाकल्याने रोज स्वतःशी वाद घालायचा वेळ वाचला.

थोरलीचे प्रश्न. ती विचारत असेल तर हातातलं काम थांबलं तरी चालेल.

गुरुवार, १२ जून

भोसरीतल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, वीज मंडळाच्या वेळापत्रकामुळे पडलेली जुनी पद्धत. आमच्या घरातही म्हणून रविवार गुरुवारी येतो. पुण्यात महापालिकेला देखभालीसाठी पाणी बंद ठेवायचं झालं तर तेही बहुधा गुरुवारी, आणि शुक्रवारी सकाळी ‘उशिरा व कमी दाबाने’. इतकी वर्षं या दोन गोष्टींकडे वेगवेगळं बघत होतो. वहीत एकाखाली एक लिहिल्यावर लक्षात आलं की आमचा आठवडा गुरुवारभोवती बांधायला हवा.

मग असं ठरलं. बुधवारी रात्री मशीन लावायचं, पिंप-बादल्या भरायच्या. गुरुवारी पाणी कमी लागेल असंच जेवण : दशम्या, दही, मेतकूट-भात. फरशी फक्त झाडायची, मावशींना तसं आधीच सांगून ठेवायचं. शुक्रवारी सकाळी कपड्यांचा विषयच काढायचा नाही.

आठवड्याचं चक्र हे दिवसाच्या वेळापत्रकापेक्षा जास्त टिकतं असं माझं मत झालं आहे. लहान मुलांच्या घरात ‘दहा वाजता हे’ असं ठरवलेलं दोन दिवसांत मोडतं. ‘बुधवारी हे’ ठरवलेलं मोडलं तरी रात्रीपर्यंत जागा असते.

कपड्यांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. यंदा मोसमी पाऊस २६ मेलाच पुण्यात आला, आणि तेव्हापासून गॅलरीतली दोरी ओली. धाकट्याच्या दुपट्यांसाठी पंख्याखाली घडीचा स्टँड लावला आहे.

सोमवार, १६ जून

शाळा सुरू. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, त्यामागे मुलांची झोप हेच कारण होतं. आमच्यासारख्या घरांवर तो मोठा उपकार आहे. थोरली पावणेआठपर्यंत झोपली आणि सव्वानऊला शाळेच्या दारात होती.

रात्रीची यादी उपयोगी पडली. पाऊस होता, रेनकोट दाराच्या कडीला, बाही उलटी न राहता, असा टांगलेला होता. धाकट्याला झोळीत बांधलं आणि चालत गेलो. परतताना कोपऱ्यावर भाजी घेतली.

थोरली रडली नाही. वर्गात शिरण्याआधी मागे वळून म्हणाली, “आई, तू घरी जाऊन जेव हं.” सकाळी मी उभ्या उभ्या खाते हे तिने पाहिलेलं असणार. नाश्ता बसून करायचा, हे आजपासून यादीत.

शुक्रवार, २० जून

ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या आज पुण्यात. भोसरीकडून येणाऱ्याला वाकडेवाडी-शिवाजीनगरचा रस्ता आज मिळत नाही, तेव्हा नवरा नऊच्या आत येणार नाही हे सकाळीच धरून चालले. अशा दिवसांसाठी वेगळं पान केलं, वर लिहिलं : ‘एक माणूस कमी’.

त्या पानावर फार नाही. मुगाची खिचडी साडेसहाला. आंघोळ नाही, हातपाय धुऊन कपडे बदलायचे. गोष्ट एकच, दोघांना मिळून. भांडी तशीच राहू द्यायची. पान तयार होतं म्हणून संध्याकाळी काय सोडायचं आणि काय करायचं याचा विचार दमलेल्या डोक्याने करावा लागला नाही.

दोघं साडेआठला झोपली. नवरा सव्वानऊला आला, वारकऱ्यांबरोबर बरंच अंतर चालून, पाय भिजलेले, चेहरा समाधानी.

रविवार, २२ जून

सगळ्या सोसायटीत बाबा लोक घरी असतात तो दिवस, आणि आमच्याकडे तीच पूर्ण पाळी माझी. शाळाही नाही. त्यामुळे आठवड्यातला सगळ्यात लांब दिवस हाच. तक्त्यातही रविवारचे रकाने सगळ्यात गच्च भरलेले.

आज बदल केला तो बाहेर पडण्याच्या वेळेत. महापालिकेच्या बागा सकाळी आणि संध्याकाळी उघड्या, दुपारी बंद. आम्ही संध्याकाळी जायचो, तेव्हा दोघं आधीच कुरकुरीला आलेली असतात आणि घसरगुंडीला रांग असते. आज सकाळी आठला गेलो. पाऊस उघडला होता, घसरगुंडी ओली होती, थोरलीने स्वतःच्या फ्रॉकने पुसली. परत येईपर्यंत धाकट्याला पेंग यायला लागली होती. तो झोपला आणि मग थोरली व मी दोघींनी मिळून मटार सोलले. तिला दाणे मोजायचे होते, म्हणून मटार सोलायला बराच वेळ लागला. तो वेळ मी ‘स्वयंपाक’ या रकान्यात लिहिला नाही, ‘थोरली’ असा लिहिला.

जिन्यात समोरच्या काकू भेटल्या. त्यांची तिन्ही मुलं वाड्यात वाढलेली, सदाशिव पेठेत.

“काय गं, रोज त्या कागदावर काय लिहीत असतेस?”

“काकू, दिवस कुठे जातो ते बघतेय.”

“आमच्या वेळी नळ पहाटे यायचा नि मुलं चौकात असायची. कुणाचं ना कुणाचं लक्ष असायचंच. तुला एकटीला करायला लागतं सगळं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “रविवारी चार ते पाच थोरलीला माझ्याकडे पाठव. मला पत्ते खेळायला कुणी नाही.”

हो म्हटलं. त्यांना नुसतं ‘मदत’ म्हणून न ठेवता वार आणि वेळ ठरवून घेतली, कारण ठरलेली वेळ मागायला संकोच वाटत नाही. मी दर रविवारी त्यांचं ताकाचं विरजण आणि दळण माझ्याबरोबर बघेन असं ठरलं.

वाड्यातल्या चौकाने जे काम केलं ते आता फ्लॅटमधल्या एका माणसावर आहे, आणि याला आपण वेळेचं नियोजन म्हणतो. काकूंच्या बोलण्यानंतर हे माझ्या डोक्यातून जात नाही.

गुरुवार, २६ जून

पाळी बदलताना काय होतं त्यावर आज काम.

गेल्या गुरुवारी दोघं नवऱ्यावर सोपवून मी आतल्या खोलीत दार लावून बसले होते. दर थोड्या वेळाने टकटक. “अगं, नाचणीचं सत्त्व कुठंय?” “याने शी केलीय, ते मलम कुठलं?” “ही म्हणतेय आई रोज बिस्किट देते, देऊ का?” तो मनापासून करतो, आळस अजिबात नाही. पण घराची माहिती सगळी माझ्या डोक्यात असेल तर तो काम करत असतानाही मी पाळीवरच असते.

कारखान्यात पहिल्या पाळीचा माणूस घरी गेल्यावर दुसऱ्या पाळीचा त्याला फोन करत नाही. वही वाचतो. मशिनवर काय चालू आहे, काय अडलं आहे, कशाकडे लक्ष ठेवायचं.

तशी वही आम्ही दोघांनी बसून केली. पहिल्या पानावर बदलत नाहीत त्या गोष्टी : औषधं कुठल्या कप्प्यात, डॉक्टरांचा फोन, झोपेची खूण (कान चोळायला लागला की वीस मिनिटांत झोपवायचं, उशीर झाला तर तास जातो). पुढे रोजच्या ओळी : शेवटचं कधी खाल्लं, कधी झोपला, शी झाली का, आज कशावरून बिनसलं. सात वाजता तो आला की चहा घेता घेता वाचतो.

मी त्याला एक गोष्ट स्पष्ट सांगितली. “तुझ्या पाळीत तू ठरवायचंस. थोरलीने उलटा फ्रॉक घातला तरी मी बोलणार नाही.”

“आणि वेणी?”

“वेणी तू शिक.”

आज दुपारी अडीच ते चार, दार बंद. एकही टकटक नाही. थोरलीची वेणी सैल होती, पण तीन पेड बरोबर पडले होते.

बुधवार, २ जुलै

धाकट्याला सोळा महिने पूर्ण. १६ ते २४ महिन्यांत द्यायची लस : त्रिगुणीचा (डीपीटी) पहिला बूस्टर, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, पोलिओचा बूस्टर. महापालिकेच्या दवाखान्यात लसीकरणाचा वार ठरलेला असतो. आमच्याकडे बुधवार, आणि दुसऱ्या दिवशी नवरा घरी. त्रिगुणीनंतर दिवस-दोन दिवस ताप येऊ शकतो, म्हणून हा मेळ घातला होता.

कार्ड, पाण्याची बाटली, एक जादा शर्ट, थोरलीसाठी खडू आणि वही. रांगेत ती इतर मुलांना चित्र काढून देत होती. लस टोचल्यावर धाकटा थोडा वेळच रडला, पण जोरात.

गुरुवार, ३ जुलै

रात्री ताप. तक्ता कोरा. आळीपाळीने मांडीवर.

रविवार, ६ जुलै

आषाढी एकादशी. उपासाच्या दिवशी स्वयंपाक दुप्पट होतो, कारण मुलांचा वेगळा. या वेळी सगळ्यांना एकच : वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. धाकट्यासाठी वरी जास्त पाणी घालून मऊ, आमटी तिखट घालण्याआधी काढून ठेवलेली. दाण्याचं कूट शनिवारी रात्रीच. साबुदाणा केलाच नाही. दुपारी काकूंकडे थोरली पत्ते खेळून आली आणि रात्री बाबाला ‘बदाम सात’ शिकवायला बसली.

गुरुवार, १० जुलै

पुन्हा पूर्ण तक्ता भरला, जूनच्या शेजारी ठेवला.

घरकामाची एकूण मिनिटं फारशी कमी झालेली नाहीत. कशी होणार, कपडे तेवढेच, पोळ्या तेवढ्याच. पण त्यातली बरीच कामं रात्री नऊ ते दहा या एका रकान्यात गोळा झाली आहेत आणि तिथे ‘नवरा’ असंही लिहिलेलं दिसतं. साडेआठच्या रकान्यात आता दोनच कामं आहेत. एका दिवशी तर एकच होतं.

सलग तास गुरुवारी पक्का, रविवारी काकूंमुळे बहुधा. इतर दिवशी धाकट्याची झोप आणि शाळेची वेळ जुळली तर. आज त्या तासात मी झोपले. पहिल्यांदा वाटलं होतं, कोर्स करावा, जुन्या साहेबांकडून घरबसल्या कॉस्टिंगचं काम घ्यावं. ते करेनही. पण रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला झोपेची गरज आहे आणि ती वहीत ‘विश्रांती’ म्हणून लिहायला मला संकोच वाटत नाही. पहाटे चारपासूनचे सगळे रकाने बघितले तर कुणालाही तेच पटेल.

नवीन अडचण दिसते आहे. धाकटा सकाळची झोप टाळायला लागला आहे. दोनच्या ऐवजी एकच झोप घ्यायचं वय आलं. म्हणजे दुपारचं जेवण सव्वाअकराला आणावं लागेल, आणि थोरलीची शाळा सुटते बाराला. आणायला जाताना तो झोळीतच झोपेल आणि घरी आल्यावर उठेल, मग दुपार हातची गेली. पर्याय दोन : काकूंना पंधरा मिनिटं विचारणं, नाहीतर वरच्या मजल्यावरच्या मुलीच्या आईशी आणण्याची पाळी वाटून घेणं. एका आठवड्यात ती दोघींना आणेल, पुढच्या आठवड्यात मी. दुसरा पर्याय जास्त बरा, तिलाही एक धाकटं आहे. उद्या शाळेच्या दारात भेटली की विचारते.